तिसऱ्या खुर्चीतून : परदेशातला आपला डॉक्टर

गेल्या अंकात मी परदेशात राहणाऱ्या वाचकांना विचारलं होतं, तिथे तुम्ही डॉक्टर कसा शोधलात, कुठे अडलात. पत्रं इतकी आली की या महिन्याचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. इंग्लंडमधल्या दवाखान्यांत आणि हॉस्पिटलांत १९ वर्षं मी मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या पेशंटांची दुभाषी होते. त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे ४ वर्षं जर्मनीत होते आणि तेव्हा मीच भाषा न येणारी पेशंट होते. डॉक्टरांची एक खुर्ची, पेशंटची एक आणि बाजूला तिसरी माझी. त्या खुर्चीतून जे दिसलं ते सांगते.

*

ताई, आम्हाला नेदरलँड्समध्ये येऊन आठ महिने झाले. मुलगी चार वर्षांची आहे. दोन महिन्यांत तिला तीनदा ताप आला. दर वेळी आधी फोनवरच्या बाईंच्या ढीगभर प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग कशीबशी वेळ मिळणार आणि डॉक्टर म्हणणार, ‘पॅरासिटामॉल द्या, पाणी पाजत राहा.’ तिसऱ्या वेळी तर बोलावलंच नाही. इथे सगळ्यांचा हाच अनुभव आहे. चांगला डॉक्टर शोधायचा तरी कसा?
— एक आई, नेदरलँड्स

तुमचं पत्र वाचताना मला माझी एक संध्याकाळ आठवली. जर्मनीतलं पहिलं वर्ष, मुलगा तीन वर्षांचा, ताप ३९च्या वर. डॉक्टरबाईंनी कान पाहिले, घसा पाहिला, छाती ऐकली, पोट दाबून पाहिलं आणि औषधाच्या चिठ्ठीऐवजी एका कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. तो कागद हातात धरून मी जिन्यात रडले. वाटलं, परकी आहे म्हणून हिने वाटेला लावलं. घरी शब्दकोश उघडून वाचलं तेव्हा कळलं की त्यात लिहिलंय : श्वास भरभर चालला, बराच वेळ लघवी झाली नाही किंवा हलवूनही नीट जागा होत नसला, तर रात्री कितीही वाजता आणा. पुढे शेकडो डॉक्टरांशेजारी बसल्यावर सांगते, त्या बाई मला भेटलेल्या सगळ्यात चांगल्या डॉक्टरांपैकी होत्या.

म्हणून औषधं किती दिली यावरून डॉक्टर जोखू नका. लहान मुलांचे बहुतेक ताप, सर्दी, खोकले विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. साधा खोकलासुद्धा तीन आठवडे रेंगाळतो. युरोपात सगळ्यात कमी अँटिबायोटिक लिहून देणाऱ्या देशांमध्ये नेदरलँड्स आहे आणि तिथल्या डॉक्टरांना याचा अभिमान वाटतो. तुम्ही वेगळ्या गोष्टी पाहा. त्यांनी मुलीला हात लावून तपासलं का? तुमचं बोलणं पुरतं होऊ दिलं का? आणि काय झालं तर परत यायचं, हे सांगितलं का? ते सांगितलं नसेल, तर निघण्याआधी तुम्हीच विचारा : ‘काय दिसलं तर मी घाबरायचं?’ या एका प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देतात त्यावरून मी त्यांना ओळखते. चांगला डॉक्टर थांबतो आणि नीट मोजून सांगतो. घाईतला डॉक्टर म्हणतो, ‘काही होणार नाही.’

फोनवरच्या बाईंविषयी. त्या नुसत्या वेळ देणाऱ्या नाहीत. कोणाला आज बोलवायचं, कोणाला उद्या, कोणाला घरीच सांभाळायला सांगायचं, हे ठरवण्याचं शिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. ताप किती आणि किती दिवस, मूल पितंय का, शेवटची लघवी कधी झाली, खेळतंय की निपचित पडलंय. ‘खूप ताप आहे’ यातून त्यांना काही कळत नाही. ‘दोन दिवस ३९.४, सकाळपासून लघवी नाही’ म्हटलं की लगेच कळतं. आणि तुमच्या मनातली भीती दडवू नका. ‘ही अशी कधीच नसते’ हे आईचं वाक्य ऐकून हातातलं पेन खाली ठेवणारे डॉक्टर मी पाहिले आहेत.

काही खुणा मात्र फोनच्या रांगेत थांबण्याच्या नाहीत. मूल तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप ३८ किंवा जास्त असेल, तर लगेच दाखवायचं. तुमची मुलगी मोठी आहे, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरात तान्हं असेल. अंगावर पुरळ आलं आणि त्यावर काचेचा पेला दाबूनही ते फिकं झालं नाही, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल जागंच होत नसेल, तर ११२. हा नंबर युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत चालतो. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तुमच्याकडे हाउसआर्ट्सेनपोस्ट, म्हणजे दवाखाने बंद असतानाचं डॉक्टरांचं केंद्र, असतं, पण तिथे जाण्याआधी फोन करायचा.

आता डॉक्टर बदलायचा का? या डॉक्टरांना एकदा सरळ सांगून पाहा की मी नवीन आहे, इथली पद्धत मला कळत नाही, तिसऱ्या वेळी बोलावलं नाहीत तेव्हा मी रात्रभर बसून होते. ते ऐकून त्यांचं वागणं बदललं, तर राहा. खांदे उडवले, तर बदला. तो तुमचा हक्क आहे. तुमच्या भागातल्या डॉक्टरांच्या याद्या भरलेल्या असतील, तर विमा कंपनीला फोन करा. जागा असलेला डॉक्टर शोधून द्यायला त्या मदत करतात आणि हे नवीन आलेल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं.

*

नमस्कार ताई. वय ४९. दोन महिन्यांनी कंपनी मला जर्मनीला पाठवते आहे, किमान तीन वर्षांसाठी. सहा वर्षांपासून डायबेटिस आहे, बीपीची गोळी चालू आहे. गेल्यावर डॉक्टर कसा शोधू आणि इथून काय घेऊन जाऊ?
— एक इंजिनिअर

तुम्ही जाण्याआधी विचारलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. बहुतेक पत्रं आजारी पडल्यानंतरची असतात.

आधी कागद. तुमच्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश इंग्रजीत लिहून घ्या, जर्मनमध्ये भाषांतर करून मिळालं तर फारच छान. आजार कोणते, कधीपासून, ऑपरेशनं, ॲलर्जी, शेवटचे रिपोर्ट, आणि प्रत्येक गोळीचं मूळ औषधी नाव, मिलिग्रॅमसकट. पाकिटावरचं कंपनीचं नाव सीमा ओलांडली की निरुपयोगी. जागतिक आरोग्य संघटना १९५३पासून औषधांच्या आंतरराष्ट्रीय नावांची यादी प्रसिद्ध करते, ती नावं जगभर ओळखतात. तरी काही जागी घोळ होतोच. पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि जपानमध्ये ॲसिटअमिनोफेन असतं, दम्याचं साल्ब्युटामॉल अमेरिकेत आल्ब्युटेरॉल होतं, शुगरचं ग्लिबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील, तर ती प्रत्येक वेगळी लिहून घ्या, कारण तसंच मिश्रण तिकडे मिळेलच असं नाही. आणि एका देशात सर्रास खपणारं औषध दुसरीकडे नसतंच. ताप-अंगदुखीच्या निमेसुलाइडला अमेरिकेत कधी परवानगीच मिळाली नाही, आयर्लंडने ते २००७मध्ये बाजारातून काढलं. तेव्हा नेहमीचं औषध नाकारलं गेलं, तर अपमान मानू नका, कारण विचारा.

इथे जरा थांबते, कारण एककांचा गोंधळ मला फार जवळून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये एका आजोबांचा उपाशीपोटीचा शुगर रिपोर्ट आला ६.८. आयुष्यभर त्यांनी शंभरावरचे आकडे पाहिलेले. त्यांना वाटलं शुगर तळाला गेली. चार दिवस गोळ्या बंद केल्या, वर साखरेचं पाणी प्यायले. पाचव्या दिवशी मी त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून गेले तेव्हा हा प्रकार कळला. ६.८ हे मिलिमोलमधलं होतं. १८ने गुणा, म्हणजे तुमच्या ओळखीचे मिलिग्रॅम येतात, साधारण १२२. जर्मनीत तर दोन्ही पद्धती भेटतील. जुन्या पश्चिम जर्मनीच्या भागात मिलिग्रॅम जास्त चालतं, पूर्वेकडे मिलिमोल. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए-वन-सी ७ टक्के असेल, तर दुसऱ्या पद्धतीत ती ५३ दिसेल. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १ असेल, तर ८८. हे तीन आकडे सारांशाच्या मागे लिहून ठेवा. ५३ पाहून कोणाचाही जीव उडेल.

गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. तुमच्या औषधांत अडचण यायला नको, पण दुसऱ्या देशांत जाणाऱ्यांसाठी सांगते. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या गोळीत १० टक्क्यांहून जास्त स्युडोएफेड्रिन असेल तर तीही आधी परवानगी काढल्याशिवाय नाही. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल किंवा कोडीन न्यायचं असेल, तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या आरोग्य खात्याचे नियम बघून घ्या.

आता डॉक्टर. जर्मनीत पहिला डॉक्टर म्हणजे हाउसआर्त्स्ट, घराचा डॉक्टर. त्यांच्या दारावरची पाटी नीट वाचा. ‘आले कासेन’ असेल, तर सरकारी पद्धतीचा विमा असलेले सगळे चालतात. ‘प्रिवाटप्राक्सिस’ असेल आणि तुमचा विमा खासगी नसेल, तर बिल तुमच्या खिशातून. पहिल्या महिन्यात मी नेमकी दुसऱ्या पाटीच्या आत शिरले होते. नवीन पेशंट घेत नाही असं तीन-चार जागी ऐकावं लागेल. तेव्हा ११६११७ला फोन करा. जीव धोक्यात नसताना रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर हाच नंबर, आणि अपॉइंटमेंट मिळवून द्यायलाही हाच. जीव धोक्यात असेल तर मात्र ११२.

आणि पोचल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत, बरे असताना डॉक्टरांना भेटा. गोळ्या संपत आल्या हे कारण पुरेसं आहे. नुसती ओळख करून घ्या, तो एक पानाचा कागद द्या, तुमचं नेहमीचं बीपी त्यांच्याकडे नोंदलं जाऊ दे. छातीत दुखायला लागलेल्या अनोळखी माणसाला तपासताना डॉक्टरांना सगळं शून्यापासून विचारावं लागतं. ज्याचा कागद आधीच तिथे आहे त्याच्या बाबतीत तेवढा वेळ वाचतो. मी दोन्ही प्रकारचे पेशंट पाहिले आहेत.

*

ताई, मी अमेरिकेत एमएस करतेय. गुगलवर ४.८ स्टार असलेल्या डॉक्टरकडे गेले. फोनवर विचारलं तेव्हा ‘आम्ही तुमचा इन्शुरन्स घेतो’ म्हणाले आणि नंतर मोठं बिल आलं. इथे डॉक्टरवर विश्वास ठेवायचा तरी कसा?
— एक विद्यार्थिनी

तू प्रश्न बरोबर विचारलास, फक्त एक शब्द कमी पडला. ‘इन्शुरन्स घेतो’ म्हणजे तुझ्या कंपनीला बिल पाठवतो, एवढंच. विचारायचं असं : ‘माझ्या या नावाच्या प्लॅनमध्ये तुम्ही इन-नेटवर्क आहात का?’ म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांच्या यादीत आहात का. आणि तोच प्रश्न विमा कंपनीलाही विचारायचा, उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची. रक्ताच्या तपासणीची लॅब नेटवर्कमध्ये आहे का, हेही. २०२२पासून तिथे नो सरप्राइजेस ॲक्ट लागू आहे. इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांनी उपचार केले, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात बाहेरचा भूलतज्ज्ञ आला, तर त्याचं जादा बिल तुझ्यावर टाकता येत नाही. पण तू आपणहून साध्या क्लिनिकमध्ये गेलीस, तर तो कायदा सहसा कामी येत नाही. तरी बिल भरण्याआधी प्रत्येक खर्चाचा तपशील मागव आणि विमा कंपनीकडे अपील कर. एकटीने नको, युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमध्ये हे कागद वाचून दाखवणारं कोणी ना कोणी असतं. खरं तर पहिला डॉक्टर म्हणूनही आधी तिथेच जा.

स्टारांबद्दल. लोक स्टार देतात ते बहुधा रिसेप्शनला, पार्किंगला, वेळेवर बोलावलं की नाही याला. डॉक्टरांचं लायसन्स खरं आहे का, त्यांच्यावर कारवाई झाली आहे का, हे तुझ्या राज्याच्या मेडिकल बोर्डाच्या साइटवर नाव टाकून फुकट कळतं. इंग्लंडमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलचं रजिस्टर आहे, नेदरलँड्समध्ये बिग-रजिस्टर, ऑस्ट्रेलियात आप्राचं. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतरचं मत तुझं तू बनवायचं, पहिल्या भेटीत.

*

परदेशात आपल्याच देशाचा, आपल्या भाषेचा डॉक्टर शोधावा का? की ते संकुचितपणाचं?
— एक वाचक, कॅनडा

संकुचितपणा अजिबात नाही. दुखणं आपल्या भाषेत सांगता येण्यासारखं सुख नाही. मिळाला आणि पटला तर जरूर जा. मन आजारी असेल, झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर मी म्हणेन की लांब पडलं तरी भाषेतलाच माणूस शोधा, निदान व्हिडिओवर. पण तुमच्याकडे अनेक भागांत फॅमिली डॉक्टरच मिळायला वर्ष वर्ष लागतं. अशा वेळी भाषेसाठी आलेली जागा सोडू नका. नाव नोंदवा, आणि त्या डॉक्टरांना आपल्याबद्दल जे ठाऊक नसेल ते तुम्ही सांगा.

उदाहरणार्थ, दक्षिण आशियातल्या माणसांना कमी वजनातही डायबेटिस गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या, २३ आणि २७.५ या वेगळ्या खुणा सुचवल्या. एरवी २५ आणि ३० धरतात. तुमचा बीएमआय २४ असेल आणि घरात शुगर असेल, तर ‘वजन ठीक आहे’ एवढ्यावर उठू नका, तपासणी मागा. दुसरं, लहानपणी बीसीजी टोचलेली असेल, तर टीबीची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची इग्रा चाचणी बीसीजीमुळे बिघडत नाही. नोकरी लागताना ही तपासणी होते तेव्हा बीसीजीचं आधी सांगा. तिसरं, घरात थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आनुवंशिकतेने आलेला रक्ताचा सौम्य दोष, असेल तर तेही. त्यात रक्तपेशी लहान दिसतात, आणि त्या तशा दिसल्या की लोह कमी असेल असं वाटतं, आणि गरज नसताना महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

*

स.न.वि.वि.
वय वर्षे ७१. पत्नी गेल्यानंतर तीन वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडला आलो. मुलगा-सून फार प्रेमाने करतात. डॉक्टरांकडे सून घेऊन जाते, तीच सारे इंग्रजीत सांगते. चार महिने रात्रीत चार-पाच वेळा लघवीस उठावे लागते. मध्यंतरी दोनदा लालसर झाली. हे सुनेसमोर कसे बोलणार? मुलगा कामात असतो, त्याला काळजीत टाकवत नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी आणखी काही आहे का विचारले, तेव्हा ‘नाही’ म्हटले. आपण मार्ग सुचवावा.
— एक ज्येष्ठ वाचक

काका, आपलं पत्र मिळालं त्याच दिवशी मी आपल्याला फोन केला होता. इथे ते आपल्या परवानगीने छापते आहे, कारण आपल्यासारखे ‘नाही’ म्हणून उठणारे अनेक जण मी तिसऱ्या खुर्चीतून पाहिले आहेत.

जे फोनवर सांगितलं ते पुन्हा सांगते. लघवी लालसर होणं, एकदाच झालं आणि आपोआप थांबलं तरी, डॉक्टरांच्या कानावर त्याच आठवड्यात घालायचं. कारण साधं असू शकतं, जंतुसंसर्ग, खडा, वाढलेली प्रोस्टेट. पण इंग्लंडमधल्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे ४५ वर्षांवरच्या माणसाला असं रक्त दिसलं आणि संसर्गासारखं कारण सापडलं नाही, तर कॅन्सर नाही ना हे बघायला त्याला तातडीने तज्ज्ञांकडे पाठवतात. ती वाट आपल्यासाठी खुली आहे, फक्त डॉक्टरांना कळायला हवं. आणि लघवी पूर्ण अडली, पोट फुगून दुखू लागलं, तर कोणासमोर कसं बोलू हा विचार बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीत जायचं.

आता सुनेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, दवाखान्यात भाषा न येणाऱ्या पेशंटला दुभाषी फुकट मिळतो. तो मागायचा असतो, एवढंच. ऑस्ट्रेलियात त्यासाठी १३१ ४५० हा नंबर आहे. अमेरिकेत केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषी द्यावाच लागतो. दुभाषी ऐकलेलं बाहेर बोलू शकत नाही, आपल्या मुलाशीसुद्धा नाही. पुरुष दुभाषी मागता येतो, पुरुष डॉक्टरही. माणूस समोर नको वाटत असेल, तर फोनवरचा दुभाषी घ्या. टेबलावर स्पीकर ठेवतात, त्याला आपला चेहरा दिसत नाही. काही जणांना तेच सोपं जातं.

घरच्या माणसाने दुभाषी होऊ नये, असं मी म्हणते ते त्याच्या प्रेमावर शंका घेऊन नाही. एकदा एका आईचा ११ वर्षांचा मुलगा तिच्यासाठी बोलत होता. मी दुसऱ्याच पेशंटसाठी बाहेर बसले होते. आतून तो रडत बाहेर आला, कारण आईच्या गाठीबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते आईला मराठीत कसं सांगायचं हे त्याला कळेना. मी आत गेले. त्या दिवसापासून आम्ही त्या दवाखान्यात मुलांना दुभाषी म्हणून बसू दिलं नाही. मोठी माणसं रडत नाहीत, ती गाळतात. लाज वाटेल ते गाळतात, भीती वाटेल ते सौम्य करतात.

शब्दांचंही आहेच. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत. कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, आग होते, मुंग्या येतात, ओढ लागते. घाईत सगळ्याचं इंग्रजीत ‘पेन’ होतं आणि डॉक्टरांच्या हातातला धागा सुटतो. ‘चक्कर’ म्हणजे घर गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते? दोन्हींची कारणं वेगळी, तपासण्या वेगळ्या. ‘पित्त झालंय’ याचं कोणीतरी शब्दशः भाषांतर केलं आणि डॉक्टर पित्ताशय तपासत बसले, हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. म्हणून काका, भेटीआधी मराठीतच लिहून काढा. रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, सुरू व्हायला वेळ लागतो का, लाल कधी झाली, तेव्हा दुखलं का, वजन उतरलंय का, रक्त पातळ करणारी गोळी घेता का. बोलताना अडलात, तर कागद दुभाषाला द्या, तो वाचून सांगेल.

सुनेला काय सांगायचं, हे आपण फोनवर विचारलं होतंत. खोटं सांगायची गरज नाही. ‘बाळ, या वेळी मला एकट्याने आत जायचंय, तिथे दुभाषी आहे’ एवढं पुरे. ती बाहेर थांबेल. तिलाही आत बसून हे सगळं बोलणं सोपं गेलं नसेलच.

दवाखान्याचा फोन बहुतेक ठिकाणी सकाळी आठला सुरू होतो. फोन उचलल्यावर आपण दोनच वाक्यं म्हणायची : ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर. ब्लड इन युरिन.’ लाज वाटत असेल, तर हीच दोन वाक्यं इंग्रजीत लिहिलेला कागद मी पोस्टाने पाठवला आहे, तो काउंटरवर नेऊन द्या. दुभाषी असला की बोलणं दुप्पट लांबतं, म्हणून दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागा. मराठी लगेच मिळत नाही, हिंदी चालेल का, असं कदाचित विचारतील. हिंदीत हे बोलायला जमणार असेल तर हो म्हणा, म्हणजे भेट लवकर मिळेल. जमणार नसेल तर फोनवरचा मराठी दुभाषी मागा, तो दुसऱ्या गावातूनही बोलू शकतो.